सवलतीची बाजू

कारखाना चालू होता तेव्हा थोरलीच्या लॉन्ड्रीत कपड्यांचे ढीग छताला टेकायचे. कामगारांचे निळे डगले धुवायचं काम तिच्याकडे होतं. त्या भरभराटीत तिनेच धाकट्या बहिणीला हाताला धरून समोरच्या गाळ्यात शिलाईचं दुकान थाटून दिलं. घरमालकाशी घासाघीस तिनेच केली आणि चारचौघांत ते ऐकवायची संधीही कधी सोडली नाही.

मग सरकारने बाहेरचा माल स्वस्तात येऊ द्यायचं ठरवलं आणि कारखान्याला टाळं लागलं. पाठोपाठ रस्त्यावरची दुकानं एकेक करून बंद पडली. या दोघी मात्र चिवट. धाकटी जुन्या पँटींना चेन बसवत राहिली, थोरली गिऱ्हाइकाची वाट बघत इस्त्री तापवत राहिली. त्या वाईट वर्षांत दोघींचं फार गूळपीठ होतं. दुपारी एकाच डब्यातून जेवायच्या. दोघींचंही चालत नव्हतं, त्यामुळे कुणाचं कुणाच्या डोळ्यात खुपायचा प्रश्नच नव्हता.

निवडणूक तोंडावर आली तशी सरकारला या भागाची आठवण झाली. ‘नवचैतन्य क्षेत्र’ जाहीर झालं. त्यात जो नवा धंदा काढेल त्याला कर माफ, दुकानाचा दर्शनी भाग सरकारी खर्चाने नवा, शिवाय फरसबंदी आणि दिवे. फक्त क्षेत्राची हद्द बरोबर रस्त्याच्या मधून गेली. धाकटीच्या बाजूचा नगरसेवक सत्तेतला होता, थोरलीच्या बाजूचा विरोधातला. तो येऊन सरकारच्या नावाने कडाकडा बोटं मोडून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि परत माशा मारायला बसले.

सवलत नव्या धंद्यालाच होती. जे पडत्या काळात टिकून राहिले त्यांना काहीच नाही. धाकटीने डोकं चालवलं. थोडे दिवस दुकान बंद ठेवलं, पाटी बदलली आणि जुन्या कपड्यांतून नव्या फॅशनची जाकिटं शिवून देणारं ‘नवं’ दुकान उघडलं. मशीन तेच, कात्री तीच. पण काचेची दर्शनी खिडकी लागली, वर पिवळे दिवे आले आणि दूरदूरच्या वस्त्यांतून पोरी जाकीट शिवून घ्यायला येऊ लागल्या.

थोरली इकडून बघत राहायची. पहिल्या आठवड्यात तिला खरोखर आनंद झाला होता. दुसऱ्या आठवड्यात तिने दिव्यांचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून कुरकुर केली. नंतर नंतर समोर दार वाजलं की तिची मान आपोआप वळायची आणि आत कोण गेलं हे कळेपर्यंत हातातली इस्त्री तशीच राहायची. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर त्यापायी करपली. डबा एकत्र खाणंही थांबलं. धाकटीला वेळ नव्हता, आणि वेळ काढून ती आली तेव्हा थोरलीला भूक नव्हती.

योजना बघायला मंत्री आले तेव्हा तर कहरच झाला. धाकटीला त्यांच्या शेजारी उभं करून टीव्हीवाल्यांनी विचारलं, सुरुवात कशी केली. धाकटी म्हणाली, “शून्यातून केली.”

थोरलीने टीव्ही बंद केला. “शून्य म्हणजे मी का?”

कारखाना बंद पडल्यापासून तिचा नवरा लॉन्ड्रीतच घड्या घालायचा. तो समजुतीने म्हणाला, “नवा धंदा दाखवायचाय तिला. दुसरं काय बोलणार बिचारी?”

हे थोरलीलाही कळत होतं. पण कळून पोटातली आग विझत नाही. दोन दिवस ती नवऱ्याशी नीट बोलली नाही, जणू टीव्हीवर ‘शून्यातून’ म्हणाला तो तोच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत समोरच्या बाजूची तपासणी करायला एक बाई आल्या. प्रवासात कोट चुरगळला होता म्हणून आधी लॉन्ड्रीत शिरल्या. थोरलीने त्यावरचा सरकारी बिल्ला बाजूला काढून कोट फळीवर पसरला. बोलता बोलता बाईंनी विचारलं की समोरचं जाकिटांचं दुकान किती छान आहे, अगदी नवंच ना?

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. काही न बोलता बाही दाबत राहिली असती तरी चाललं असतं.

“नवं कसलं?” थोरली हसली. “माझी सख्खी बहीण आहे ती. कारखाना होता तेव्हापासून तिथेच शिवते. पाटी तेवढी नवी.”

बाईही हसल्या, पैसे देऊन रस्ता ओलांडून गेल्या. मागे घड्या घालणारा नवरा थांबला होता. तिच्याकडे न बघता त्याने अर्धवट घडी पुन्हा उलगडली, आणि तेच थोरलीला जास्त लागलं.

धाकटीची सवलत गेली. कर भरूनही ती तगली असती, पण घरमालकाने त्या बाजूचं भाडं केव्हाच वाढवून ठेवलं होतं. सवलत मिळाली भाडेकरूंना आणि चटक लागली मालकांना. महिना संपायच्या आत तिला गाळा सोडावा लागला. तिथे एका मोठ्या कंपनीचं कॉफीचं दुकान आलं. ते मात्र नियमाप्रमाणे अगदी नवं होतं, त्यामुळे त्याला सगळं माफ झालं.

धाकटी हातगाडीवर मशीन घालून थोरलीच्या दारात आली. दुसरीकडे जायला जागाच नव्हती. थोरलीने न विचारता धुण्याचं एक टेबल सरकवलं, नवऱ्याने मशीन उतरवून घेतलं. सामान लागल्यावर धाकटी पाठमोऱ्या बहिणीला म्हणाली, “ताई, तू खरं तेच सांगितलंस. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.”

थोरली वळली नाही.

“मी खिडकीतून बघत होते. तू हसत होतीस. तेवढं नको होतं करायला.”

थोरलीला खूप काही सांगायचं होतं. खिडकीबद्दल, दिव्यांबद्दल, त्या ‘शून्या’बद्दल. तिने फक्त मशीनला उजेड पुरतो का ते विचारलं आणि वरचा बल्ब जरा खाली ओढून दिला. धाकटी म्हणाली, पुरेल.

पुढे सरकार बदललं आणि योजना गुंडाळली गेली. रस्त्यावर लोकांची ये-जा मात्र राहिली. लॉन्ड्रीचाही जम पुन्हा बसू लागला, कारण जाकीट शिवून घ्यायला येणाऱ्या पोरी जाताना धुवायचे कपडेही टाकून जायच्या. दुपारचा डबा परत एक झाला. दारात कुणी आलं की थोरली इस्त्री ठेवून लगबगीने पुढे व्हायची, आणि येणारी पोरगी तिच्या खांद्यावरून आत बघत विचारायची, “जाकीटवाल्या ताई आहेत का?”

“आहेत,” थोरली म्हणायची आणि बाजूला व्हायची. बहिणीकडची ती गर्दी आता पूर्वीपेक्षा जास्त जवळून बघावी लागत होती.