माऊस बाईंनीच धरायचा

प्रश्न पडद्यावर उमटून मिनिट उलटले होते आणि नकुशी अजून काहीच बोलली नव्हती. खोलीत संगणकाच्या पंख्याची घरघर तेवढी होती. तालुक्याहून आलेल्या विस्तार अधिकारी साहेबांनी माऊस स्वतःच्या हातात घेतला होता. चार उत्तरांवरून बाण एकदा फिरवून त्यांनी तो पुन्हा पहिल्या उत्तरावर आणून ठेवला होता. चौथीतली ती मुलगी स्टुलाच्या कडेवर, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसली होती. ती पडद्याकडे पाहत नव्हती. साहेबांच्या मनगटाकडे पाहत होती.

दाराशी उभ्या असलेल्या तिच्या शिक्षिका राबियाबाईंच्या हे लक्षात आले. अर्थ मात्र लागला नाही.

"बोल बाळ," साहेब म्हणाले. "चारातलं कोणतं?"

नकुशीने मान आणखी खाली घातली.

मुख्याध्यापक पोपटराव गुरुजींनी घसा खाकरला. "नवीन माणसाला बुजती ती, साहेब. एरवी माऊस बाई धरतात. पोरं नुसती सांगतात, हे का ते."

"मुलं का धरत नाहीत?"

"एकच तर नग आहे. पहिल्याच आठवड्यात पोरांनी बटण दाबून दाबून खिळखिळं केलं. मग मी नियमच केला. चपला बाहेर, हात मागं आणि माऊस बाईंनीच धरायचा. बाईंनी शिक्रापूरला कोर्स केलाय."

साहेब हसले आणि उठले. "मग बसा बाई तुम्हीच. आपल्याला वाचन बघायचंय, माऊस नव्हे."

राबियाबाई बसल्या. खुर्ची अजून साहेबांच्या अंगाने उबदार होती.

गेल्या वर्षीपर्यंत कोणाला वाचता येते हे शिक्षक कानांनी ठरवत. मूल समोर बसे, अडखळे, सावरे, आणि त्याच्या नावापुढे एक खूण होई. यंदा तालुक्याहून सीडी आली. वीस प्रश्न, शेवटी छापील यादी. कोणाच्या मायेला जागा नाही, असे बैठकीत सांगितले गेले होते. त्या यादीत एकतीस मुलांच्या वर नकुशीचे नाव होते. वीसपैकी वीस. जुलैत या मुलीला त आणि न वेगळे ओळखता येत नव्हते. दिवाळीपासून राबियाबाई तिला शाळा सुटल्यावर जादा वर्गात बसवत होत्या. यादी हातात आली त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी सासूबाईंना, जन्नतबींना, ती बातमी दोनदा सांगितली होती. मुलीच्या आत कुठेतरी एक दार उघडले, अशी त्यांची समजूत झाली होती. नियमाप्रमाणे नकुशीचे नाव जादा वर्गातून कमी झाले. आणि इतक्या लहान वस्तीशाळेतून वीसपैकी वीस कसे, हे पाहायला आज साहेब आले होते.

उंबऱ्याबाहेर नकुशीचा बाप बन्सी चपला काढून उभा होता. झेंडूच्या तोडणीने त्याची बोटे हिरवट-काळी झाली होती. यादी लागली तेव्हा तो गुरुजींना म्हणाला होता, "बाईंचं काय, त्यांची माया हाय पोरीवर. पर मशीन म्हनतंय येतंय, म्हंजी येतंय. मग घालतो की कारेगावला पाचवीत. न्हाईतर झेंडूला हात कमीच पडत्यात."

दिवे गेले. यूपीएस टीं टीं करू लागले.

"दहा मिनिटं मिळतात," गुरुजी घाईने म्हणाले. "चालू द्या."

राबियाबाईंनी बाण पहिल्या उत्तरावर नेला, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर.

"हे," नकुशी म्हणाली.

हिरवी खूण उमटली. पुढचा प्रश्न. बाण पहिल्यावरून दुसऱ्यावर.

"हे."

पुन्हा हिरवी खूण. साहेबांनी हाताची घडी घातली आणि समाधानाने भिंतीला टेकले. आणि मग, तिसऱ्या प्रश्नाला, राबियाबाईंना ऐकू आले. बाण बरोबर उत्तरावर पोचताच त्यांचे मनगट कणभर सैल पडत होते, आणि उजव्या हातातल्या चार सैल बांगड्या टेबलाच्या कडेवर किणकिणत होत्या. अगदी बारीक. त्या किणकिणाटावर नकुशीचा "हे" येत होता.

त्यांनी मान न वळवता तिच्याकडे पाहिले. तिचे डोळे त्यांच्या मनगटावर होते. शेतातली पोर पाटाचे पाणी कुठवर आले ते पाहते, तशी ती शांतपणे पाहत होती.

चौथा प्रश्न आला. 'शिवाने बैल गोठ्यात बांधला. बैल कुठे आहे?' खाली चार उत्तरे: विहिरीत, झाडावर, गोठ्यात, बाजारात. राबियाबाईंनी हात ताठ धरला. बाण चारही उत्तरांवरून गेला आणि परत आला. बांगड्या गप्प राहिल्या. नकुशीही गप्प राहिली. टीं टीं सुरूच होते. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिले. बाहेर बन्सीने या पायावरचा भार त्या पायावर घेतला.

राबियाबाईंनी बाण झाडावर नेला, आणि मनगट टेकवले.

"हे," नकुशी म्हणाली.

बाईंचे बोट क्षणभर अडले. मग त्यांनी बटण दाबले. लाल फुली आली.

साहेब मोठ्याने हसले. "बैल झाडावर चढवला की गं! असू दे, असू दे. बाई, खरं सांगू? एक चुकलं ते बरंच झालं. सगळीच बरोबर आली की माझ्यासारख्याच्या मनात शंका येते. आता खात्री पटली."

राबियाबाई उठल्या. "साहेब," त्या म्हणाल्या. एवढेच. त्यांची नजर दाराकडे गेली. बन्सी दोन्ही हात जोडून उभा होता; नमस्कार कोणाला, साहेबांना की संगणकाला, ते कळत नव्हते.

"काय, बाई?"

"चहा घेऊन जा, साहेब."

साहेबांनी शेरेबुकात चार ओळी लिहिल्या, सही केली, आणि चहा न घेताच त्यांची मोटारसायकल हायवेकडे गेली. तिच्यामागे धूळ उठली आणि कंपनीच्या ट्रकांच्या धुळीत मिसळून गेली.

बन्सी पुढे आला. "मग जूनला घालू ना बाई, पाचवीत?"

राबियाबाईंनी संगणकावर कापडी खोळ चढवली. कोपरे नीट ओढले, एक सुरकुती होती ती पुन्हा ओढली.

"घाला," त्या म्हणाल्या.

तो गेला. नकुशी स्टुलावरून उतरली, पण दाराकडे गेली नाही.

"बाई, तिथं बैल झाडावर आसं लिवलं हुतं?"

"हो."

"मला न्हाई कळलं." तिने बाईंच्या बांगड्यांकडे बोट केले. "त्या तितंच वाजल्या."

"आधीच्या परीक्षेतही अशाच ऐकत होतीस?"

"व्हय." तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, नवल होते. "मला वाटलं, तुमीच सांगताय."

फेब्रुवारीतली ती परीक्षेची दुपार आठवू पाहता राबियाबाईंना आपला हात दिसत होता, पडदा दिसत होता, आणि या मुलीला जमावे म्हणून रोखून धरलेला आपला श्वास. सांगितले नव्हते, असे त्या छातीठोकपणे म्हणू शकत नव्हत्या.

"बाकड्यावर जाऊन बैस," शेवटी त्या म्हणाल्या. "मी आलेच."

"माजं नाव खोडलंय न्हवं?"

"बैस तू."

मुलगी बाहेर गेली. राबियाबाई टेबलाशी उभ्या राहिल्या. उजव्या हाताची बोटे आवळून त्यांनी एक बांगडी काढली, टेबलावर ठेवली. मग दुसरी. तिसरी अंगठ्याच्या हाडाशी अडली; कातडी लाल होईपर्यंत त्यांनी ती फिरवली. चौथीला फार वेळ लागला नाही. उघडे मनगट लहान, परक्याचे दिसत होते.

शेरेबुक कपाटात ठेवायला पोपटराव बाहेरून आत आले. त्यांची नजर टेबलावर गेली, तिथून बाईंच्या हाताकडे. त्यांचा चेहरा उतरला.

"बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "भरल्या घरातल्या बाईनं असा हात मोकळा करू नये. काय झालं? घरी सगळं ठीक हाय ना?"

राबियाबाईंनी फळीवरून पहिलीचे पुस्तक घेतले, उंबऱ्यातल्या चपलांत पाय सरकवले, आणि त्या व्हरांड्याच्या टोकाशी असलेल्या बाकड्याकडे चालू लागल्या.