डाव्या बुटातली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना काळा बूट आहे. डावा. उजवा माझ्या शेजारीच असतो, पण तो जन्मापासून अबोल, म्हणून आम्हा दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते. नंबर आठ, अस्सल चामडे, नाडी मात्र तिसऱ्यांदा बदललेली. ठाण्याला नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर नोकरी मार्गदर्शन केंद्र आहे. तिथल्या लोखंडी कपाटाच्या माथ्यावर सध्या आमचा मुक्काम आहे. इथून पंखा फार जवळ दिसतो. खालच्या माणसांची मात्र फक्त डोकी दिसतात, आणि डोके पाहून बुटाला माणूस काय कळणार!

आम्हाला दौलतमामांनी शिवले. ठाणे स्टेशनजवळ त्यांचे दुकान होते. टाका घालताना ते स्वतःशीच पुटपुटत, "पायाला चावला तर तो बूट कसला?" हे वाक्य मी आयुष्यभर जपले, आणि आयुष्यात एकदाच मोडले. ते का, ते पुढे येईलच.

वासंतीताईंच्या यजमानांसाठी आम्ही तयार झालो होतो. त्यांनी आम्हाला एका लग्नात घातले, तेवढेच. पुढे त्यांना शुगर निघाली, पाय सुजू लागले आणि आमची रवानगी खोक्यात झाली. दोन वर्षे आम्ही अंधारात एकमेकांना पाठ लावून पडून होतो.

ताई शाळेतून निवृत्त झाल्या आणि हे केंद्र सांभाळू लागल्या. एकदा एक उमेदवार रबरी चप्पल घालून मुलाखतीला निघालेला त्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी त्या आमचे खोके काखेत मारून आल्या. "हे घालून जा. परत आणून दिलेत म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. अशी मला नोकरी लागली.

केंद्रात दोन तऱ्हेची माणसे येत. एक काम शोधणारी, दुसरी माणूस शोधणारी. कधी डोंबिवलीच्या एमआयडीसीतले कारखानदार येत, कधी नर्स हवी असलेले डॉक्टर, कधी हिशेबनीस शोधणारे दुकानदार. ताई दोघांचीही गरज वहीत लिहीत आणि मेळ जमला की केंद्राच्या कागदावर स्वतःच्या हाताने शिफारशीची चिठ्ठी देत. खाली सही, सहीवर शिक्का. ज्याच्या पायात धड काही नसेल त्याला चिठ्ठीबरोबर आम्ही. पाय मोठा असला तर चमच्याच्या दांड्याने टाच आत सरकवायची, लहान असला तर माझ्या टोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा. बोळा ताई स्वतः कोंबत, दुसऱ्या कोणाच्या हाताचा त्यांना भरवसा नव्हता.

मित्रांनो, मी कितीतरी पाय पाहिले. साहेबासमोर बसलेला माणूस वरून हसत असतो, तेव्हा त्याची बोटे माझ्या आत आखडून बसलेली असतात. हे फक्त मला ठाऊक असे. पण ज्याला नोकरी लागे तो आम्हाला परत करून जाई आणि पुन्हा कधी दिसत नसे. ज्याला लागत नसे तोच पुन्हा येई. म्हणजे माझी ओळख वाढली ती फक्त हरलेल्यांशी. ज्यांचे भले झाले ते परके झाले. तसे व्हावे म्हणूनच मी होतो, हे मला कळते. तरी वाईट वाटायचे ते वाटतेच.

एके दिवशी गुणाजी आले. राहणारे आंबिवलीचे, वय सेहेचाळीस. डोंबिवलीच्या ज्या कारखान्यात ते एकोणीस वर्षे फिटर होते, तो बंद पडला होता. आठ महिने ते घरी बसले होते. महेंद्रशेठ नावाच्या मालकांच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात यंत्रे सांभाळायला माणूस हवा होता. मुलाखत त्याच दिवशी, दुपारी बारापर्यंत.

त्या दिवशी केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. ताईंनी चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला आणि शाई वाळायला ती टेबलावरच्या जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली.

"ताई, बूट पुढून सैल होतोय ओ. चालताना फटफट करतोय," गुणाजी म्हणाले.

ताई एकीकडे फोनवर बोलत होत्या. त्यांनी हाताला येईल तो कागद उचलला, चुरगळला आणि माझ्या टोकात कोंबला. मग दाखल्यांचे पाकीट गुणाजींच्या हाती दिले. "सगळं यात आहे. निघा आता."

सगळे त्यात नव्हते. चिठ्ठी माझ्यात होती. वर्तमानपत्र मऊ असते, हा कागद कडक होता. मी पहिल्याच पायरीवर ओळखले.

वाटेत मी काय करू शकत होतो? दौलतमामांची शिकवण गुंडाळून ठेवली आणि त्या कागदाच्या कोपऱ्याने गुणाजींचा अंगठा टोचत राहिलो. कारखान्याच्या फाटकाशी त्यांनी पाकीट उघडले. एकदा पाहिले, दोनदा पाहिले, खिसे चाचपले. मग ताईंना फोन लावला.

"मी स्वतः दिली तुमच्या हातात. नीट शोधा," पलीकडून ताईंचा आवाज आला.

वॉचमन वाईट नव्हता. पण म्हणाला, "काका, चिठ्ठी पायजे. फोटोपन नाय चालत. मागच्या वेळी एकाच फोटोवर चौघं आलेले. शेठनी मलाच झापला."

नौपाड्याला जाऊन परत यायला वेळ नव्हता. गुणाजी फाटकाबाहेरच्या दगडावर बसले. अंगठा दुखत होता म्हणून त्यांनी मला काढले. मी म्हटले, आता! त्यांनी मला उलटे केले, दगडावर दोनदा आपटले. खडा असेल असे त्यांना वाटले. बोळा घट्ट बसला होता, तो हलला नाही. हात घातला असता तर... पण परक्याच्या बुटात कोण हात घालतो? त्यांनी मला पुन्हा पायात चढवले. बारा वाजले, भोंगा झाला.

संध्याकाळी त्यांनी केंद्राच्या दारात बसून आम्हाला रुमालाने पुसले आणि जागेवर ठेवले.

"गुणाजी, या वयात असा निष्काळजीपणा?" ताई म्हणाल्या.

"ताई, पाकिटात नव्हतीच ओ."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

केंद्राचा एक नियम होता. चिठ्ठी हरवणाऱ्याला सहा महिने दुसरी मिळत नसे. ताईंनी लाल पेन घेतले आणि वहीत त्यांच्या नावापुढे एकच शब्द लिहिला, निष्काळजी. एकोणीस वर्षांच्या नेकीवर तो शब्द बसला, आणि मी कोपऱ्यातून बघत होतो. खरे सांगतो, तोंड नसल्याचे दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

पुढे अडीच महिने आम्हाला कोणी घातले नाही. आलेल्या बहुतेकांच्या पायात स्वतःचे बूट असत. माझ्यावर धूळ बसली, दमट हवेने बुरशीचा पांढरा डाग उमटला. मी रोज दाराकडे बघत असे. गुणाजी आले नाहीत.

मग अद्वय नावाचा तरुण आला. कुठल्याशा दुकानात विक्रेत्याच्या कामासाठी निघाला होता. त्याचा पाय मोठा.

"मॅडम, ह्यात आत काहीतरी घुसलंय," असे म्हणत त्याने बोळा ओढून काढला आणि उलगडला. "अरे, हे लेटर आहे कोणाचं तरी." तो मोठ्याने वाचू लागला. "चिठ्ठी आणणारे गृहस्थ कष्टाळू आणि वेळेचे पक्के आहेत. बरीच वर्षे काम केलेले आहे. त्यांना एकदा भेटावे, ही विनंती."

ताईंनी तो कागद हातात घेतला. वरचे नाव पाहिले आणि खुर्चीत बसून राहिल्या. अद्वयने दोनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू गेली नाही. मग त्यांनी वही काढून तो लाल शब्द खोडला. नुसता खोडून त्यांचे समाधान झाले नाही. बाजूला लिहिले, "चूक माझी." खाली सही केली, सहीवर शिक्का मारला.

अद्वय संध्याकाळी आम्हाला परत करून गेला, आणि दुसऱ्या दिवशी ताई आम्हाला पिशवीत घालून आंबिवलीला निघाल्या. दार मंजुळाबाईंनी, गुणाजींच्या पत्नीने उघडले. गुणाजी आतून आले. भाजीच्या टेम्पोवर हमाली करून त्यांचे खांदे सोलले होते.

ताईंनी चिठ्ठी पुढे केली. "ही बुटात होती. मीच कोंबली होती. तुम्ही खरं बोलत होता, गुणाजी."

गुणाजींनी तो चुरगळलेला कागद हातात घेऊन सरळ केला. "ताई, नोकरीचं जाऊ द्या. मला वाटलेलं माझंच डोकं गेलं. रस्त्यात कुठं पाडली, आठवेच ना. अंथरुणाच्या घड्यासुद्धा उकलून बघितल्या."

"तुम्हाला शिव्या पन मीच घातल्या," मंजुळाबाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या.

ताईंनी नवी चिठ्ठी दिली, आम्हाला पिशवीतून काढून गुणाजींच्या पायांपुढे ठेवले आणि या वेळी स्वतः बरोबर गेल्या. ती जागा केव्हाच भरली होती. पण फाटकाशी उभ्या राहून त्यांनी महेंद्रशेठना बाहेर बोलावले आणि झालेली चूक वॉचमनच्या देखत सांगितली. शेठनी गुणाजींना दुसऱ्या पाळीवर घेतले. मुलाखत चालू असताना गुणाजींची बोटे माझ्या आत अगदी मोकळी होती. इतका शांत पाय मी आधी पाहिला नव्हता.

पहिला पगार झाला आणि गुणाजी केंद्रात आले. नोकरी लागूनही परत आलेला तो माझा पहिला माणूस. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्यांच्या हातात खोके होते. आत नवा कोरा जोड, आतून मऊ अस्तर. "पोरांना देत जा, ताई. ते जुने आता झिजलेत," ते म्हणाले. त्यांनी चांगल्याच मनाने म्हटले. निघताना वाकून माझ्यावरून एकदा हात फिरवला, आणि आम्ही कपाटाच्या माथ्यावर गेलो.

आता नोकरी देणाऱ्या या केंद्रात सर्वांत जुना बेकार मी आहे. उजवा बोलत नाही, पंखा ऐकत नाही. दिवस जाता जात नाही.

मित्रांनो, कोणी "माझ्याजवळ नव्हतीच" म्हणाले तर लाल पेन उचलण्याआधी आपले टेबल पाहा. आणि पायात घालण्याआधी बुटात एकदा हात घाला. मी म्हातारा सांगतो म्हणून तरी ऐका.

एक गोष्ट राहिली. ती पहिली चिठ्ठी ताईंना फेकवली नाही. घडी घालून त्यांनी ती पुन्हा माझ्याच टोकात ठेवली. नाव गुणाजींचे आहे, पण खालचा मजकूर मला तंतोतंत लागू पडतो. कष्टाळू. वेळेचा पक्का. बरीच वर्षे काम केलेले. तुमच्यापैकी कोणाचा पाय आठ नंबरचा असेल तर कपाटावर हात घाला. चिठ्ठी माझ्याजवळच आहे.