दुपट्यावरचं कुलूपबंद नाव

सिंधीपुऱ्यातल्या सरुबाईंच्या घरात एक रीत होती आणि त्या रीतीला एक भोक होतं. रीत अशी, की बाळाचं नाव आत्यानं ठरवायचं आणि पाळण्याशी वाकेपर्यंत कुणाला म्हणून सांगायचं नाही. भोक असं, की आत्या म्हणजे सरुबाईंची लेक अर्चना होती.

अर्चनासारखी मायाळू बाई देडतलाईपासून बुऱ्हाणपूरपर्यंत शोधून सापडली नसती. पण तिचं मन म्हणजे नुकतंच सारवलेलं अंगण. शेवटचा जो चालून जाईल त्याचंच पाऊल उमटायचं. मोठ्या भावाच्या मुलाच्या बारशाला ती सासरहून 'रोहित' ठरवून आली होती. पाळण्याशी वाकली, तोच सरुबाईंची बहीण मालूबाई मागून पुटपुटली, "रोहित तर गल्लीत ढीगभर आहेत वं माय." झालं. अर्चनानं बाळाच्या कानात 'मोहित' सांगून टाकलं. त्या पोराला आजही अर्धं घर रोहित म्हणतं आणि अर्धं मोहित. जेवायला हाक मारली तर तो दोन्हींना ओ देतो, कामाला हाक मारली तर एकालाही नाही.

आता पाळी होती धाकट्या सुनेच्या, तृप्तीच्या लेकीची. या घरात बारसं सव्वा महिन्यानं करायचे, त्यामुळे अर्चनाच्या अंगणातून चालून जायला लोकांना भरपूर सवड होती. सरुबाईंना स्वतःच्या आईचं नाव हवं होतं, सखू. मालूबाईला 'हिमानी' हवं होतं, कारण ते म्हणताना तोंडात बर्फाचा गोळा असल्यासारखं वाटतं. बाळाच्या बापाला, म्हणजे नीलेशला, दोन अक्षरांचं काहीही चाललं असतं, पण तेही तो रोज बहिणीला फोन करून सांगायचा.

तृप्तीची स्वतःची अशी काही पसंती नव्हती. तिला एवढंच वाटे, की पदरात झोपलेल्या या मुठीएवढ्या जिवाला कुणीतरी नीट विचार करून दिलेलं एकच नाव मिळावं. सगळ्यात शेवटी जो बोलला त्याचं नको.

बारशाच्या आधी अर्चना बाळाला बघायला आली आणि तृप्तीच्या खाटेवर बसून रडवेली झाली.

"नाव तर ठरलंय माझं. एकदम पक्कं. पण मला माझाच भरोसा नाही गं तृप्ती. मालूमावशी मागं उभी राहिली की मी गेलेच समज. तुझ्या कंप्युटरात असं काही नाही का, की नाव आज आत टाकलं तर कुणाला दिसू नये, आणि मलाच नंतर बदलता येऊ नये?"

तृप्तीच्या डोक्याला बाळंतिणीचा रुमाल बांधलेला, कानात कापसाचे बोळे, खाटेखालच्या शेगडीतून ओव्याचा धूर. तरी त्या धुरातही तिचे डोळे लकाकले. बाळंतपणाआधी ती इंदूरच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. केळी पिकवायच्या खोल्यांना इलेक्ट्रॉनिक कुलपं असतात, त्यांच्या आतल्या चिमुकल्या चिपचे प्रोग्राम ती सी भाषेत लिहायची.

"आहे ना ताई," ती म्हणाली. "त्याला हॅश म्हणतात. तुम्ही नाव आत टाकायचं, बाहेर चौसष्ट अक्षरांचं एक लचांड पडतं. त्या लचांडावरून नाव ओळखता येत नाही. पण तेच नाव पुन्हा घातलं की तेच लचांड."

सरुबाई दारातून ऐकत होत्या. "मतलब गिरणीसारखं," त्या म्हणाल्या.

"हो, आई. पिठावरून गव्हाचा दाणा परत बनवता येत नाही. पण तोच गहू दळला की हुबेहूब तेच पीठ. एक दाणा बदलला तर सगळं पीठच वेगळं."

"आणि गिरणीच बिघडलेली असली तर?"

"गिरणी मी बांधणार आहे," तृप्ती म्हणाली.

नीलेशला हे कळल्यावर तो हसला. "अरे यार, हे तयार मिळतं. प्रत्येक कंप्युटरात असतंच. एक ओळ लिही, झालं."

"तयार पुरणपोळीही मिळते दुकानात. आईंना सांगू आणायला?"

खरी गोष्ट तिनं त्याला सांगितली नाही. बाळ झाल्यापासून तिला आपलं डोकं भिजवलेल्या साबुदाण्यासारखं वाटत होतं. कालच तिनं दूध फ्रीजऐवजी कपाटात ठेवलं होतं, साड्यांच्या घडीवर. आत जुनी तृप्ती शिल्लक आहे का, हे तिला बघायचं होतं.

बाळ झोपलं की लॅपटॉप उघडायचा, बाळानं हुंकार दिला की मिटायचा, असं काम सुरू झालं. सरुबाई कुरकुरायच्या, "बाळंतिणीनं डोळे फोडून घेऊ नये," आणि कुरकुरतच डिंकाचा लाडू हातात द्यायच्या. या हॅशच्या पोटातही चौसष्ट ठरावीक आकडे असतात, अंक आणि इंग्रजी अक्षरं मिसळून लिहिलेले, ते एक अक्षर न चुकता उतरवावे लागतात. तृप्ती ते मोठ्यानं वाचून तपासू लागली. "चार दोन आठ ए, दोन एफ नऊ आठ. सात एक तीन सात, चार चार नऊ एक." पाळण्यातलं कण्हणं थांबलं. तिनं वाचायचं थांबवलं, कण्हणं सुरू. पुन्हा वाचलं, पुन्हा शांत. दहाव्या आकड्याला पोर गाढ झोपली.

सरुबाईंनी दारातूनच हात जोडले. "कोणतं स्तोत्र हे?"

"सी भाषेतलं," तृप्ती म्हणाली.

प्रोग्राम मात्र चालेना. नवी गिरणी आधी 'abc' दळून तपासायची असते, आणि त्याचं पीठ ba7816bf नी सुरू झालं पाहिजे हे जगजाहीर आहे. तृप्तीच्या गिरणीतून भलताच भुगा पडत होता. तिनं ओळ अन् ओळ पाहिली. चूक सापडेना. साबुदाणा, साबुदाणा, असं मनाशी म्हणत ती खिडकीशी उभी राहिली.

अंगणात सरुबाई लंगोट वाळत घालत होत्या. दोरी एवढीशी, लंगोट ढीगभर. सरुबाई उजवीकडे ढकलत डावीकडे नवा घालायच्या. उजव्या टोकाचा लंगोट दोरीवरून घसरून खाली पडला. सरुबाईंनी तो उचलला, झटकला आणि डाव्या टोकाला नेऊन परत घातला.

तृप्ती बघत राहिली. मग वळली आणि खाटेवर जवळजवळ उडी मारून बसली. आकड्याचे बिट, म्हणजे त्याच्या आतले शून्य-एक, उजवीकडे सरकवायचे होते, ते तिनं सरकवले होते. पण काही ठिकाणी टोकावरून पडलेले बिट उचलून डाव्या टोकाला परत घालायचे असतात. ते तिनं पडू दिले होते. जमिनीवर सगळे लंगोटच लंगोट.

तिनं ती जागा दुरुस्त केली. ba7816bf. बाळाला दूध पाजताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते ओव्याच्या धुराचं आहे असं तिनं सासूला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अर्चना लॅपटॉपपुढं बसली. तिनं आधी वायफाय बंद करायला लावलं, मग वायफायच्या डब्यावर टॉवेल टाकला, मग सगळ्यांना अंगणात काढलं. लग्नाआधी तिनं हिंदी टायपिंगचा कोर्स केला होता, त्यामुळे बोटं तयार होती. पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते तारे उमटायचे, तशी सोय तृप्तीनं केली होती. अर्चनानं लिहिलं, शेवटचं बटण दाबलं, आणि चौसष्ट अक्षरं पडद्यावर आली.

"आता हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढं राहिलं पाहिजे," सगळे आत आल्यावर तृप्ती म्हणाली. "नंतर कुणाला फिरवता येऊ नये असं."

"मग माझ्याकडे द्या," सरुबाई म्हणाल्या, आणि बाळाच्या पिवळ्या दुपट्याच्या काठावर ती चौसष्ट अक्षरं लाल दोऱ्यानं टाचायला बसल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, नुसते आकार बघून काढत होत्या; तृप्तीला विचारून एकदोन अक्षरं तेवढी ओळखीची झाली होती. टाचता टाचता नाव आपोआप कळेल अशी त्यांना आशा होती. "यात 'सी' फार येऊन राहिला," त्या मालूबाईला हळूच सांगायच्या. "सी म्हणजे सखू."

बारशाच्या दिवशी घुगऱ्यांचा वास गल्लीभर गेला होता. घर बायकांनी भरलं. बाळाला पिवळ्या दुपट्यात गुंडाळून पाळण्यात घातलं. अर्चना पाळण्याशी वाकली आणि रिवाजाप्रमाणे बायका तिच्या पाठीत बुक्के घालू लागल्या. मालूबाईनं मोक्याची जागा धरली होती. ती बुक्के तालात घालत होती आणि तालावरच पुटपुटत होती, "हिमानी, हिमानी, हिमानी."

अर्चनानं डोळे घट्ट मिटले, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि सरळ उभी राहिली.

"शेवंती," ती म्हणाली.

तृप्तीनं नाव जिभेवर ठेवून पाहिलं. शेवंती. बाळाचा झोपेतला चेहरा तसाच तर होता, आत दुमडलेला, पाकळ्याच पाकळ्या.

"ही काय फुलवालीची टोपली आहे?" मालूबाई म्हणाली. "आत्ता सुचलं असेल हिला. गजरा बघितला समोरचीच्या डोक्यात आणि बदललं. करा चेक, दुपट्यावर आहे ना."

तृप्तीनं लॅपटॉप आणला. बाळ दुपट्यातून काढून नीलेशच्या हातात दिलं, दुपटं सरुबाईंच्या मांडीवर पसरलं. तिनं 'शेवंती' लिहिलं. बटण दाबलं.

पहिलंच अक्षर जुळलं नाही. दुसरंही नाही.

"पाहा," मालूबाई म्हणाली. "मतलब हे ते नाव नव्हेच. आता नव्यानं ठरवू. सगळे आहोतच. हिमानी."

"मी बदललं नाही मावशी," अर्चना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "या वेळी नाही बदललं."

नीलेशनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "ताई खोटं बोलत नसेल. प्रोग्रामच गडबड आहे. मी," तो घुटमळला, "मी तृप्ती झोपलेली असताना नावांचं अख्खं पुस्तक त्यात घालून बघितलं होतं. एकही जुळलं नाही. शेवंतीसुद्धा होतं त्यात."

"तुम्ही काय केलं?" तृप्ती म्हणाली.

"तू झोपेत असताना. डिस्टर्ब नाही केलं."

तृप्तीनं 'abc' घातलं. ba7816bf. गिरणी ठणठणीत होती. म्हणजे खोटी अर्चना. तिनं वर पाहिलं. अर्चना पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती, आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दाला चिकटून राहिलेली, आणि पाठीवर बुक्क्यांनी साडी चुरगळलेली.

तृप्तीनं लॅपटॉप मिटला.

"माझाच प्रोग्राम चुकलाय," ती म्हणाली. "दूध कपाटात ठेवणारी बाई मी. ताई म्हणतात ना शेवंती, तर शेवंतीच."

"अजिबात नाही," अर्चना म्हणाली. आणि ती अशा सुरात म्हणाली की मालूबाई एक पाऊल मागं सरली. "तू दूध चुकशील, हे नाही चुकणार. आणि मी पण नाही चुकले. उघड ते. मी लिहिते, त्या दिवशी लिहिलं तस्संच."

ती मांडी घालून बसली. पदर डोक्यावर घेतला. बोटं चालली, पडद्यावर तारे उमटू लागले. तृप्ती तारे बघत होती. काही तारे आले, मग ओळ खाली गेली, मग आणखी तारे.

"ताई, थांबा. शेवंतीला दोन ओळी कशाला?"

"वरची श्रीची," अर्चना म्हणाली. "कोऱ्या पानावर आधी श्री नको?"

या घरात किराणा मागवायचा तरी कागदावर आधी श्री. नीलेशनं गणितात नापास झालेल्या पेपरावरही आधी श्री काढला होता. सासरे केळीच्या खोक्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे, त्याच्याही डोक्यावर श्री. नुसतं नाव कोण लिहितं?

अर्चनानं बटण दाबलं. सरुबाई दुपट्यावर बोट ठेवून एकेक आकार दाखवू लागल्या, तृप्ती पडद्यावरचा वाचू लागली. एके ठिकाणी दोघी अडल्या.

"आई, हे डी झालंय. बी पाहिजे."

"बीच आहे ते. दोरा संपला म्हणून तोंड फिरलं त्याचं."

बाकी सगळं शेवटपर्यंत जुळलं. अर्चनानं मालूबाईकडे पाहिलं नाही, फक्त पदर नीट केला.

तृप्तीला हसू आवरेना. "गुपित दळताना त्यात मूठभर भलतंच काही मिसळायचं असतं," ती म्हणाली, "म्हणजे पुस्तकातली नावं घालून बघणाऱ्या चोरांना ते सापडत नाही." नीलेशनं बाळाच्या टोपडं घातलेल्या डोक्यामागं तोंड लपवलं. "आमच्या धंद्यात त्याला मीठ म्हणतात. मी घालायलाच विसरले होते. ताईंनी घातलं."

"बाळंतिणीला मीठ कमीच द्या म्हणून मीच सांगितलेलं," सरुबाई म्हणाल्या. मग त्यांनी दुपट्यावरून हात फिरवला. "शेवंती. ठीक आहे. सखूच्या अंगणात होती शेवंती." आणि त्या घुगऱ्या वाटायला उठल्या.

पाहुणे पांगल्यावर तृप्ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. आतून पाळण्याची करकर आणि सासूचा ओढलेला सूर येत होता.

"चार दोन आठ ए, दोन एफ नऊ आठ. सात एक सात तीन, चार चार नऊ एक."

"आई," तृप्ती हळूच म्हणाली, "तीन आधी. सात मग."

करकर थांबली.

"झोपली ती," आतून सरुबाईंचं कुजबुजणं आलं. "दुरुस्त करायला उठवू का?"