टायरला बांधलेली रायफल

सासरे गेले आणि त्यांची शिकारीची जुनी रायफल माझ्या नवऱ्याकडे, वेंडेलकडे आली. एल्क या मोठ्या हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर होता. नळीवरचा काडतुसाच्या मापाचा शिक्का गंजून पुसला होता.

"काडतूस सहज आत गेलं ना? मग हेच माप," धाकटा दीर लाइल म्हणाला.

वेंडेल रायफल खांद्याला लावायला निघाला. "बाबा आयुष्यभर अशीच उडवायचे."

"आधी टायरला बांध आणि लांबून दोरी ओढ," मी म्हटलं. "नाहीतर बाळाला घेऊन मी चालले माहेरी."

"बांध रे दादा, वहिनीसाहेबांचा हुकूम आहे!" लाइल खिदळला.

त्यांनी ती ट्रकच्या एका सुट्या जुन्या टायरला करकचून बांधली. आम्ही पिकअपच्या आडोशाला बसलो. वेंडेलनं दोरी ओढली.

कान फुटतील असा स्फोट झाला. नळी फाटली, दस्त्याच्या चिरफळ्या उडाल्या आणि काडतुसामागचा पोलादी बोल्ट सुटून मागच्या पाइनच्या खोडात बोटभर रुतला.

वेंडेलनं तो चाचपला आणि तिथंच ओकला. मग वळून त्यानं लाइलच्या तोंडावर गुद्दा हाणला.

"तुझ्या भरवशावर मी गाल टेकणार होतो तिथं!"

लाइलनं ओठाचं रक्तही पुसलं नाही. "अजून एक मार, दादा," तो रडत म्हणाला.