पाराखालचं खोड

बडा गणपतीमागच्या गल्लीतला जुना कडुनिंब एका दुपारी, पानही हलत नसताना, मुळासकट आडवा झाला. नशिबानं खाली कोणी नव्हतं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला तसाच एक कडुनिंब उभा होता, म्हणून लोक घाबरले. गल्लीच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष अप्पासाहेब यांनी शहराबाहेरच्या राऊ गावातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मोनालीला बोलावून घेतलं.

आपले पूर्वज दरबारात कोण होते, हे अप्पासाहेबांनी आधी सांगितलं. झाडाचं कारणही ते ठरवून बसले होते. "बुढं झालं होतं, मॅडमजी. नॅचरल डेथ लिहून टाका ना." कोणी नजर लागली म्हणत होतं, कोणी मोबाईल टॉवरवर खापर फोडत होतं. या शहाण्यांना उत्तर द्यायची मोनालीला गरज वाटली नाही. ती खुरपं घेऊन खाली बसली.

खोडाभोवती पार होता. गुडघाभर मातीचा भराव, वर चकचकीत टाईल्स, खोडाला चिकटून सिमेंट, आणि संगमरवरावर अप्पासाहेबांचं नाव. स्वच्छतेच्या हौसेपायी तो रोज पाइपानं धुतला जाई. फटींतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नव्हती. भरावाखालची साल ओल्या कागदासारखी हातात आली. मुळं काळी पडली होती, लाकूड बोटांनी कुस्करलं जात होतं.

"गळ्यापर्यंत पुरलंत आणि वरून रोज पाणी सोडलंत," ती म्हणाली. "म्हातारपणाला कशाला बदनाम करता?"

अप्पासाहेब ऐकल्यासारखं हसले.

दुसऱ्या कडुनिंबाचा पार अलीकडचा होता. तिनं खोड ठोकून पाहिलं, बुंधा उकरून पाहिला. कूज लागली नव्हती. पार फोडा, भराव काढा, झाड जगेल, असं तिनं रिपोर्टात स्पष्ट लिहून दिलं. अप्पासाहेबांनी तो हात जोडून घेतला.

दिवाळीनंतर ती मुद्दाम बघायला आली. पार जागच्या जागी होता. मधोमध झाड टाईल्सच्या पातळीत कापलेलं होतं.

"तुमच्याच रिपोर्टवर कापायची परमिशन मिळाली, त्यात कूज शब्द होता तेवढा पुरला," अप्पासाहेब खुशीत म्हणाले. "पार तोडला असता तर लोक बसले कुठे असते? छाँव के लिए आता फायबरची छत्री लावतोय."

मोनालीनं वाकून भुसा झटकला. लाकूड सालीपासून गाभ्यापर्यंत घट्ट, निरोगी होतं. या माणसाला ते दाखवावं, असं तिला वाटलं नाही. तिच्यासाठी चहा आला होता. तो तसाच ठेवून ती स्कूटरकडे निघाली.