एकशे नव्व्याण्णव आणि मी

मित्रांनो, मी कानोत्याच्या धरणाकाठची एक जुनी टिटवी आहे. डोळ्यांपुढची ही लाल गाठ आणि हळदीसारखे पिवळे पाय पाहिलेत ना? पाहिलेच असतील. माझं दुःख तेच आहे. मला सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

माझा जन्म इथल्याच खड्यांत झाला. आम्ही घरटं बांधत नाही. जमिनीवर चार खडे सारले की झालं घर! वयात आल्यावर मी पहारेकऱ्याचं काम पत्करलं. कुत्रा दिसो, मुंगूस दिसो, मी ओरडले की सारा काठ सावध व्हायचा. तेव्हा माझ्या शब्दाला फार मान होता.

दर रविवारी इथे पक्षी बघणारी मंडळी येतात. त्यांचे पुढारी गजाननकाका, बँकेतून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जवळच्या शहरातल्या प्रताप नगरच्या एका शाळकरी मुलीला पहिल्यांदा आणलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तनया, लिही वहीत. एक नंबर, टिटवी!" तिने दुर्बीण लावली आणि किंचाळलीच, "काका, कसली भारी आहे ही!" त्या दिवशी मी उगाचच तीन फेऱ्या जास्त मारल्या.

पुढे तिची वही भरत गेली आणि मी मागे पडले. यंदा मार्च संपता संपता एका रविवारी वहीत एकशे नव्व्याण्णव पक्षी झाले.

आणि त्याच रविवारी ती आली. माझी दूरची बहीण! कझाकस्तानच्या गवताळ मैदानांतली दुर्मीळ टिटवी, परतीच्या वाटेवर इथे उतरलेली. पांढरी भुवई, काळी टोपी, बस. ना लाल गाठ, ना आवाज! पण काय ती धावपळ! पंधरा माणसं आणि तिच्याकडे रोखलेली पंधरा भिंगं. काका तर तनयाला पुढे ढकलत होते. "तनया, दोनशेवा! आयुष्यात एकदा दिसतो हा!"

माझा नुसता जळफळाट झाला. मी ओरडत सुटले. ना कुत्रा होता, ना मुंगूस. ती बया उडून जावी, एवढ्यासाठीच. दोघातिघांच्या टोप्यांवर झडपही घातली.

"अरे यार, इस टिटहरी को कोई चुप कराओ!" मोठा कॅमेरा तिकाटण्यावर लावलेले रणजीतभैया वैतागले.

"ए बाई, गप की जरा!" काका म्हणाले. "तुला काय, रोजच बघतो."

रोजच! मी आणखी जोरात ओरडले. आणि ओरडता ओरडता पाहिलं, तर सगळी मंडळी बहिणीकडे बघत पुढे सरकत होती. थेट खड्यांत घातलेल्या माझ्या चार अंड्यांकडे!

आता मी खरं ओरडले. पण खरं आणि खोटं त्यांना कसं कळणार? सकाळभर मीच माझ्या आवाजाची किंमत घालवली होती.

मग मी चरायला आलेल्या गाई-म्हशींना अंड्यांवरून वळवण्यासाठी राखून ठेवलेला उपाय केला. अंड्यांवर जाऊन उभी राहिले, पंख पसरले आणि गप्प झाले.

"काका, ती एकदम गप्प का झाली?" तनयाने दुर्बीण खाली घेतली.

"बरं झालं! तू पुढे बघ आधी."

तिने पुढे नाही, खाली बघितलं. "थांबा! रणजीतभैया, पाँव मत रखना! अंडे हैं!"

भैयांचा बूट हवेतच थांबला, माझ्या पंखापासून वीतभर अंतरावर. त्या गलक्याने बहीण उडाली आणि धरणापलीकडे दिसेनाशी झाली. गर्दीत तनयाला ती अजून धड दिसलीही नव्हती.

"गेला ग तुझा दोनशेवा!" काका हळहळले.

तिचे डोळे भरून आले होते. तरी नाक पुसत म्हणाली, "जाऊ दे काका. मतलब... एक नंबर तर वाचला ना."

मित्रांनो, त्यानंतर ऊन तापलं. मी पाण्यात पोट भिजवून आणायची आणि अंडी गार ठेवायची. चारही पिल्लं निघाली. दुर्मीळ पाहुणे जरूर बघा, पण त्यांच्याकडे धावताना आपलं पाऊल कुठे पडतंय, तेही बघा. तिथे रोजचंच कुणीतरी राहत असतं.

बहीण पुढच्या वर्षी आली, तर मी ओरडणार नाही. तनयाला तिचा दोनशेवा पक्षी नीट बघू देईन. फक्त तिने फार वेळ बघू नये.