ऐकणाऱ्याचं नाव

"सर, ही अट काढूया ना," संहिता म्हणाली. "टेस्टिंगमधले निम्मे लोक इथंच अडकलेत."

रियाजाच्या ॲपच्या पहिल्याच पडद्यावर चौकट होती: ऐकणाऱ्याचं नाव. ते भरायचं, त्या माणसानं आपल्या फोनवरून 'बसलोय' असं कळवायचं, मगच तानपुरा सुरू. कल्पना जयतीर्थची. जयनगरच्या त्याच्या कानडी घरात आईचा, कस्तुराबाईंचा, दंडकच होता: समोर कुणी ऐकायला बसल्याशिवाय व्हायोलिनला हात लावायचा नाही. भिंतींना ऐकवून सूर सुधारत नाही, असं त्या म्हणत. मग त्या स्वतःच बसत. हात शेंगा सोलण्यात, कान इकडे. सगळ्या जगाची घरं आपल्या घरासारखीच असतात, असं हा शहाणा चाळिशी उलटली तरी समजत होता.

"कुणी ना कुणी असतंच की ऐकायला," तो म्हणाला.

"पीजीत राहणाऱ्यांना कोण असतं, सर? पुण्याहून आले तेव्हापासून मला तरी इथं कोण आहे?" संहिता हसली, पण उगाचच. "बरं, तुम्हीच करून दाखवा. व्हायोलिन आणलंय ना?"

जयतीर्थनं सवयीनं 'आई' लिहून बटण दाबलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं. आई श्रावणात गेली होती. तिचा फोन घरी कपाटात बंद पडून होता. तेव्हापासून त्यानं व्हायोलिनही पेटीबाहेर काढलं नव्हतं. पडद्यावर 'वाट पाहत आहोत' ही अक्षरं फिरत राहिली.

"नेट स्लो दिसतंय," कोड लिहिणारा क्षितिज म्हणाला.

"नेटचं काही नाही रे," जयतीर्थ म्हणाला. "स्वल्प थांब. ते नावच नको. काढून टाक अट."

क्षितिजनं अट काढली. तानपुरा लगेच बोलू लागला. जयतीर्थनं उतरलेल्या तारा चढवल्या, गज टेकवला. पहिले सूर करकरले. मग भीमपलासचा निषाद असा काही लागला की त्याला भरून आलं. हात अजून शाबूत होता. त्यानं मोठ्या आशेनं वर पाहिलं.

"ग्रीन! सर, लाइन पूर्ण ग्रीन आहे!" क्षितिज ओरडला.

दोघंही त्याच्याकडे पाठ करून पडद्यावरची सूर मोजणारी रेष बघत होती. भरल्या खोलीत इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"सरी, असू दे," तो म्हणाला, आणि मान खाली घालून त्यानं आलाप पुरा केला.